टांगा देतो, पण हाकणार नाही

१९२९ साली चाळीसगाव स्टेशनवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर तासभर खोळंबले होते. मुंबई सरकारने अस्पृश्यांच्या तक्रारींची चौकशी करायला एक समिती नेमली होती आणि ते तिचे सभासद होते. खानदेशचे दोन्ही जिल्हे, म्हणजे तेव्हाचे पूर्व खानदेश आणि पश्चिम खानदेश, त्यांच्याकडे आणि आणखी एका सभासदाकडे आले होते. काम आटोपल्यावर मुंबईला परत जाताना ते चाळीसगावला उतरले. धुळे लाइनवरच्या एका गावात सवर्णांनी अस्पृश्यांवर बहिष्कार टाकला होता, त्याची चौकशी करायची होती. स्टेशनवर भेटलेल्या चाळीसगावच्या महार मंडळींनी आग्रह केला की रात्री आमच्याकडे मुक्काम करा. बाबासाहेब गावाला जाऊन, चौकशी करून पुढच्या गाडीने चाळीसगावला परतले आणि स्टेशनवर थांबून राहिले. महारवाडा कोस-दीड कोसावर, मध्ये नदी. चालत सहज जाता आलं असतं. पण कोणी चला म्हणेना, आणि का थांबलोय हेही कोणी सांगेना.

तासाभराने एक टांगा आला. टांग्यात फक्त बाबासाहेब आणि हाकणारा, बाकीची मंडळी जवळच्या वाटेने पायी निघाली. दोनशे पावलांच्या आत टांगा एका मोटारीवर आदळता आदळता वाचला. रोज भाडं मारणारा माणूस इतका कच्चा कसा, याचं बाबासाहेबांना आश्चर्य वाटलं. पुढे नदीवरच्या फरशीपुलाशी टांगा उलटला. घोडा आणि टांगा नदीत गेले, बाबासाहेब दगडी फरशीवर आपटले. पाय मोडला. कित्येक दिवस हिंडता-फिरता येईना.

खरा प्रकार त्यांना कळला तो नंतर. चाळीसगावच्या टांगेवाल्यांनी त्यांना न्यायला नकार दिला होता. महाराला टांग्यात बसवून आपण हाकायचं, हे त्यांच्या इभ्रतीला शोभत नव्हतं. इकडे आपल्या साहेबांना चालवत न्यायचं हे महार मंडळींच्या इभ्रतीला शोभत नव्हतं. मग तोड निघाली: टांगा भाड्याने घ्या, हाकायला तुमचा माणूस आणा. ज्याने हाकला त्याने आयुष्यात कधी लगाम हातात धरला नव्हता.

ही हकीकत बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवली आहे. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ नावाचं त्यांचं छोटंसं आत्मकथन आहे, पुस्तिका म्हणून ते १९९० मध्ये छापलं गेलं. मी जळगावचा आहे, चाळीसगाव स्टेशनवरून शेकडो वेळा गेलोय. तरी ही गोष्ट मला शाळेत कोणी सांगितली नाही. इंजिनिअरिंग संपवून नोकरीला लागल्यावर मोबाइलवर वाचली. मला त्यातला पाय मोडण्याचा भाग आधी लक्षात राहिला नाही, तो तासभराचा खोळंबा राहिला. हा माणूस बॅरिस्टर. नुकताच एका गावात बहिष्काराचा पुरावा गोळा करून आलेला. त्याच्या स्वतःच्या बाबतीत पन्नास पावलांवर भेदभाव चाललाय आणि त्याला तो दिसत नाही. दिसणार कसा? त्याच्यासमोर कोणी ‘नाही’ म्हटलेलंच नाही. टांगा तर आला. उशिरा आला, वाईट हाकला गेला, एवढंच.

मी पोटासाठी कोड लिहितो. आमच्याकडे सगळ्यात त्रासदायक बग कुठला, तर ज्याचा लॉगच निघत नाही. सिस्टिम बंद पडत नाही, एरर येत नाही, फक्त काही लोकांची कामं होत नाहीत. भाड्याच्या खोलीचा नकार असाच असतो. “घरात लग्न निघालंय.” “मुलगा पुण्याहून परत येतोय.” “आम्हाला फॅमिलीच पाहिजे.” “कालच दिली हो.” प्रत्येक वाक्य खरं असू शकतं. म्हणून तर ते वापरलं जातं.

बाबासाहेबांची घराची गोष्ट त्याआधीची, १९१७ची. अमेरिका आणि लंडनहून शिकून ते बडोदा संस्थानात नोकरीला गेले. राहायला जागा नाही. हिंदूंच्या खाणावळीत नाव बदलून गेल्याशिवाय भागणार नाही, आणि पकडलं गेलं तर काय होईल हे माहीत. म्हणून ते एका पारशी धर्मशाळेत गेले. तिथल्या म्हाताऱ्या रखवालदाराच्या लक्षात आलं की हा पारशी नाही. जागा पारशांसाठीच राखीव. पण धर्मशाळेत कोणी फिरकत नव्हतं आणि त्याला पैशांची गरज होती. तोड निघाली: नोंदवहीत पारशी नाव लिहायचं, दिवसाला दीड रुपया द्यायचा. अकराव्या दिवशी सकाळी डझनभर पारशी काठ्या घेऊन वर आले आणि संध्याकाळपर्यंत जागा सोड म्हणाले. बाबासाहेबांनी दोन मित्रांची दारं ठोठावली. हिंदू मित्र म्हणाला, तू आलास तर माझे नोकर निघून जातील. ख्रिस्ती मित्र म्हणाला, बायको परगावी गेलीय, तिला विचारावं लागेल. ते नवरा-बायको मूळचे ब्राह्मण कुटुंबातले. मग कामाठी बागेत बसून काही तास काढले आणि रात्रीच्या गाडीने मुंबई.

काठ्या पारशांच्या हातात होत्या म्हणून गोष्ट त्यांच्या नावावर जमा होते. मला त्या दोन मित्रांची उत्तरं जास्त ओळखीची वाटतात. दोघांपैकी एकालाही स्वतःला काही अडचण नव्हती. अडचण नोकरांना होती, बायकोला होती. आजही घरमालकाला स्वतःला कधी काही अडचण नसते. सोसायटीला असते, खालच्या आजींना असते.

आता हाच प्रसंग कोर्टात नेला असता अशी कल्पना करा. (तेव्हा असा कायदाच नव्हता, पण क्षणभर धरून चाला.) पुरावा काय? धर्मशाळेची नोंदवही. त्या वहीत बाबासाहेब नाहीतच, एक पारशी गृहस्थ आहे. कागदोपत्री पाहिलं तर खोटं नाव देऊन राहिल्याचा आरोप त्यांच्यावरच येतो. ज्याला जागा मिळत नाही त्याला जागा मिळवायला खोटं बोलावं लागतं, आणि मग ते खोटं त्याच्याविरुद्धचा एकमेव लेखी पुरावा होऊन बसतं. आज बरेच जण एजंटला आडनाव न सांगता फक्त नाव सांगतात. तेही त्याच वहीतलं पान आहे.

चाळीसगावच्या अपघातानंतरच्या वर्षी दोन गोष्टी झाल्या. एक म्हणजे त्या समितीचा अहवाल आला. अध्यक्ष ओ. एच. बी. स्टार्ट, म्हणून तिला स्टार्ट समिती म्हणतात. अहवालात बहिष्काराबद्दल स्पष्ट लिहिलं होतं की, अस्पृश्यांनी आपला हक्क बजावला की त्यांना कुळाच्या जमिनीवरून काढतात, मजुरी बंद करतात, गावातला वाणी सामान देत नाही. कारण काहीही चालतं: कोणी जमिनीचा तुकडा विकत घेतला, चांगले कपडे घातले, नवरदेवाची घोड्यावरून वरात काढली. यात मारहाण नाही, त्यामुळे पोलिसांच्या वहीत काही चढत नाही. प्रत्येकाने फक्त आपापला व्यवहार थांबवलेला असतो, आणि व्यवहार थांबवणं हा गुन्हा नव्हता.

दुसरी गोष्ट लंडनमधली. पहिल्या गोलमेज परिषदेत बाबासाहेब आणि रावबहादूर आर. श्रीनिवासन यांनी अस्पृश्यांच्या संरक्षणाची एक योजना मांडली. त्यात बहिष्कार हा गुन्हा ठरवावा अशी मागणी होती, आणि नुसती मागणी नव्हे, गुन्ह्याची पूर्ण व्याख्या होती. ही व्याख्या कुठून घेतली हेही त्यांनी सांगून टाकलं: बर्माचा १९२२चा बहिष्कारविरोधी कायदा, थोडे बदल करून. बर्मा तेव्हा ब्रिटिश हिंदुस्थानचाच प्रांत. तिथल्या राष्ट्रवादी गटांच्या बहिष्काराला आळा घालायला इंग्रजांनी तो कायदा केला होता. इंग्रजांनी स्वतःच्या बचावासाठी केलेलं हत्यार बाबासाहेबांनी उचललं आणि म्हणाले, हे आमच्या गावातही चालवा. मला हे फार आवडतं. ओपन सोर्स लायब्ररी उचलून भलत्याच कामाला लावावी तसं.

त्या व्याख्येत बहिष्कार म्हणजे काय, याच्या यादीत पहिली गोष्ट आहे घर. एखाद्याला घर किंवा जमीन भाड्याने द्यायला, वापरायला, राहायला नकार देणं. मग त्याच्याशी व्यवहार न करणं, मजुरीवर न घेणं. आणि शेवटी एक फार धूर्त कलम: व्यवहार केला, पण तो सर्वसाधारणपणे ज्या अटींवर होतो त्या अटींवर न करणं, हाही बहिष्कारच.

टांगा देतो, पण हाकणार नाही. ही त्या शेवटच्या कलमातली केस आहे. लिहिताना बाबासाहेबांच्या मनात चाळीसगाव होतं असा माझा दावा नाही, वाक्य मूळचं बर्माचं. पण वर्षभरापूर्वी पाय मोडून घेतलेल्या माणसाने ते वाक्य का टिकवलं असेल, हे मला समजतं.

आमच्या कामात ‘गिट ब्लेम’ नावाची कमांड असते. कोडची एखादी ओळ कोणी, कधी लिहिली ते ती सांगते. मी ही बर्माची ओळ तशी शोधत गेलो. १९५५ साली अस्पृश्यता (अपराध) अधिनियम आला, १९७६ पासून त्याचं नाव नागरी हक्क संरक्षण अधिनियम. त्याच्या कलम ७ च्या स्पष्टीकरणात ही व्याख्या जवळजवळ शब्दशः बसलेली आहे, घरासकट. तेहतीस वर्षांत रंगून ते लंडन ते दिल्ली. पण कलम ७ मध्ये एक मेख आहे. हा बहिष्कार गुन्हा ठरायला तो एखाद्याने अस्पृश्यता संपल्याने मिळालेला हक्क बजावला म्हणून टाकलेला असावा लागतो. म्हणजे विहिरीवर पाणी भरलं म्हणून घर नाकारलं तर हे कलम. नुसतं आडनाव ऐकून नाकारलं तर कलम ४ बघावं लागतं. त्यात कुठल्याही वस्तीत राहतं घर बांधणं, घेणं, तिथे राहणं, यात अस्पृश्यतेच्या कारणावरून आडकाठी आणली तर शिक्षा आहे.

पण याच कायद्याचं कलम १२ म्हणजे या सगळ्या इतिहासातली सगळ्यात हुशार ओळ. कायद्यात गुन्हा ठरवलेलं कृत्य अनुसूचित जातीच्या व्यक्तीच्या बाबतीत घडलं, की ते अस्पृश्यतेच्या कारणावरूनच घडलं असं कोर्टाने गृहीत धरायचं. तसं नव्हतं हे सिद्ध करायची जबाबदारी आरोपीची. नकाराचं कारण नकार देणाऱ्याच्या डोक्यात असतं, तिथे फिर्यादीला शिरता येत नाही. म्हणून कायदा म्हणतो, ज्याच्या डोक्यात आहे त्यानेच बाहेर काढून दाखवावं. १९५५ साली, फौजदारी कायद्यात, हे मोठंच पाऊल होतं.

मग अडतं कुठे? एक तर आधी ‘नकार दिला’ हे तरी सिद्ध करावं लागतं, आणि “कालच दिली हो” हा नकार वाटतच नाही. दुसरं, हे गृहीतक फक्त अनुसूचित जातींपुरतं आहे.

यातली दुसरी अडचण मला पुस्तकातून कळली नाही. कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला आम्ही जळगावात खोली शोधत होतो. माझा मित्र यावल तालुक्यातला, तडवी. खानदेशाबाहेरच्यांना सांगावं लागेल: तडवी भिल्ल सातपुड्याच्या पायथ्याला यावल, रावेर, चोपडा या बाजूला राहतात. अनुसूचित जमातीत मोडतात आणि धर्माने मुसलमान आहेत. त्याने एका घरमालकांना फोन केला. काका छान बोलले, भाडं सांगितलं, पाण्याची वेळ सांगितली, मग म्हणाले, “नाव काय रे बाळा?” त्याने सांगितलं. काका थोडे थांबले आणि त्यांना आठवलं की गावाकडून पुतण्या येणार आहे, खोली त्याला लागेल. तासाभराने त्याच नंबरवर मी फोन केला. खोली रिकामी होती. आडनाव विचारलं, मी सांगितलं. “या की संध्याकाळी बघायला.” मी मित्राला म्हटलं, बघ, पुरावा मिळाला. तो म्हणाला, “बरं झालं रे भो. आता खोली शोधू.”

आम्ही ती दुसरीकडे शोधली, महामार्गाच्या पलीकडे. ते दोन फोन मात्र माझ्या डोक्यात राहिले, कारण पुढे मला कळलं की आम्ही नकळत जे केलं त्याला जगात एक नाव आहे.

अमेरिकेत १९६८ च्या एप्रिलमध्ये, मार्टिन ल्युथर किंग यांच्या हत्येनंतर आठवडाभरात, घरांच्या बाबतीतल्या भेदभावाविरुद्धचा कायदा मंजूर झाला. त्यात खोली रिकामी असताना एखाद्याला वंशावरून ‘नाही’ सांगणं हा स्वतंत्र गैरप्रकार ठरवला गेला. ते सिद्ध करायला नागरी हक्क संघटना दोन माणसं पाठवत, एक काळा, एक गोरा, बाकी सगळं सारखं. व्हर्जिनियातल्या रिचमंडजवळच्या एका वसाहतीत १९७८ मध्ये अशाच एका काळ्या महिलेला पुन्हा पुन्हा सांगितलं गेलं की जागा नाही, आणि गोऱ्या माणसाला सांगितलं गेलं की आहे. कंपनीचा बचाव असा की या बाईला मुळात भाड्याने राहायचंच नव्हतं, तिचं नुकसान काय झालं? १९८२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘हॅवन्स रिअल्टी विरुद्ध कोलमन’ या खटल्यात एकमताने सांगितलं की तिला खोटी माहिती दिली गेली, तेवढं नुकसान पुरेसं आहे, ती दावा लावू शकते. आमच्या दोन फोनांना तिथे ‘टेस्टिंग’ म्हणतात.

इथे कोणी असं केलंच नाही असं नाही. सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली परिसरात २०१२ मध्ये फोन करून आणि प्रत्यक्ष जाऊन हा प्रयोग केला, तो ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त २०१५ मध्ये आला. सौगतो दत्ता आणि विक्रम पठानिया यांनी घरांच्या जाहिरातींच्या वेबसाइटवरून वेगवेगळ्या नावांनी चौकशा पाठवल्या. उच्चवर्णीय हिंदू नावाला घरमालकाचं उत्तर येण्याची शक्यता ३५ टक्के, मुस्लिम नावाला २२ टक्के. दहा उत्तरं मिळवायला एकाला सुमारे २९ जाहिरातींमागे लागावं लागतं, दुसऱ्याला ४५. दलित आणि ओबीसी आडनावांच्या बाबतीत त्यांना इतका स्पष्ट फरक दिसला नाही. अर्थात त्यांनी मोजलं ते फोन परत येणं. फोन येण्यापासून चावी हातात पडेपर्यंत बरंच काही घडतं.

पण आकडेवारीची एक मर्यादा मी रोज बघतो. हजार घरमालकांचा डेटा बाजाराबद्दल सांगतो, तुमच्या घरमालकाबद्दल काही सांगत नाही. काकांचा पुतण्या खरंच येणार असेल आणि तासाभरात त्याचा बेत रद्द झाला असेल. दोन फोन म्हणजे एक नमुना. चार फोन केले असते, वेळ उलटसुलट केली असती, तर काकांचा योगायोग पातळ होत गेला असता.

आणि समजा चाळीस फोन केले, सगळं रेकॉर्ड केलं. न्यायचं कुठे? माझा मित्र अनुसूचित जमातीतला. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१६ पासून सामाजिक आणि आर्थिक बहिष्कार हा गुन्हा आहे. त्या व्याख्येत माझी बर्माची ओळ पुन्हा सापडते, सर्वसाधारण अटींवर व्यवहार न करणं ही. मात्र यादीच्या सुरुवातीचं ‘घर भाड्याने देण्यास नकार’ तिथे वेगळं उरलेलं नाही. घरातून किंवा गावातून हुसकावणं स्पष्टपणे आहे, दारातूनच परत पाठवणं ‘व्यवहार’ आणि ‘सेवा’ या मोघम शब्दांत शोधावं लागतं. शिवाय याच कायद्याचं कलम ८ म्हणतं की आरोपीची पीडिताशी किंवा त्याच्या कुटुंबाशी ओळख असेल तर जात माहीत होती असं धरायचं. फोनवर पहिल्यांदा बोललेल्या काकांची कसली ओळख? त्यांचा वकील उभा राहून अगदी खरं बोलू शकतो: साहेब, माझ्या अशिलाला हा मुलगा आदिवासी आहे हे माहीतच नव्हतं, त्यांना तो मुसलमान वाटला.

हा बचाव चालू शकतो. धर्मावरून घर नाकारणाऱ्या खासगी घरमालकाला थेट गुन्हेगार ठरवणारा कायदा आपल्याकडे नाही. राज्यघटनेच्या कलम १५(२) मध्ये धर्म, जात, लिंग यावरून दुकान, उपाहारगृह, हॉटेल, करमणुकीची ठिकाणं नाकारता येणार नाहीत, असं आहे. घर त्या यादीत नाही. संविधान सभेत २९ नोव्हेंबर १९४८ ला यावर चर्चा झाली तेव्हा ‘दुकान’ म्हणजे नेमकं काय, असं विचारलं गेलं. बाबासाहेबांनी उत्तर दिलं की हा शब्द व्यापक अर्थाने वापरला आहे, जो कोणी मोबदला घेऊन सेवा देऊ करतो तो त्यात येतो. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये एका खासगी कॉलेजच्या प्रकरणात या उत्तराचा आधार घेतला. मग वेबसाइटवर जाहिरात टाकून खोली भाड्याने देणारा दुकानदार का नाही? मला तरी तो दुकानदारच वाटतो.

न्यायालयाने घराबद्दल थेट बोलण्याची वेळ आली २००५ मध्ये, आणि ती गोष्ट पुन्हा गुजरातेतली, पुन्हा पारशांची. अहमदाबादच्या झोरोस्ट्रियन को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटीच्या उपविधीत सभासद फक्त पारशी असेल, असं होतं. एका सभासदाला आपली मालमत्ता समाजाबाहेर द्यायची होती. गुजरात उच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला, सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. आपल्या माणसांची संस्था काढणं हा घटनेच्या कलम १९ मधला संघटन-स्वातंत्र्याचा हक्क, असा युक्तिवाद मान्य झाला. एका लहान होत चाललेल्या समाजाला एकत्र राहावंसं वाटणं मी समजू शकतो. पण त्या निकालाचा आधार पुढे कोणीही घेऊ शकतो, ज्याला लहान होण्याची काही भीती नाही तोही. आणि पुराव्याच्या बाजूने बघितलं तर हा प्रकार अजबच आहे. जिथे भेदभाव छापील उपविधीत लिहिलेला होता, शिक्क्यासह, तिथे तो कायदेशीर निघाला. जिथे तो बेकायदा आहे, तिथे तो कोणी लिहीत नाही.

आत राहणाऱ्या भाडेकरूसाठी मात्र कायदा उदार आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याचं कलम ५५ बघा. भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत करायची जबाबदारी घरमालकाची, त्याने केला नाही तर अटींबद्दल भाडेकरू म्हणेल ते कोर्ट धरून चालतं, जोवर उलट सिद्ध होत नाही. पुराव्याचं ओझं फिरवायची हीच युक्ती कलम १२ मध्ये होती. उंबरठा ओलांडला की ती लागू होते. उंबरठ्यावरच्या माणसाला ती मिळत नाही.

म्हणून हल्ली लोक खिशातला फोन काढतात. सप्टेंबर २०२३ मध्ये मुंबईत मुलुंडला एका मराठी बाईंना मराठी म्हणून ऑफिससाठी जागा नाकारली गेली. त्यांनी ते चित्रित केलं, राज्यभर गदारोळ झाला. पंकजा मुंडे यांनीही तेव्हा सांगितलं की मुंबईत घर शोधताना आपल्यालाही असाच अनुभव आला होता. ज्यांना आडनावाचा अडथळा कधी जाणवला नव्हता त्यांनाही तो आठवडाभर जाणवला. माझ्या ऑफिसच्या ग्रुपवर संतापाचे मेसेज येत होते. त्यातल्या दोघांचे फ्लॅट जळगावात भाड्याने दिलेले आहेत आणि कोणाला द्यायचे नाहीत याची यादी एजंटकडे तोंडी आहे, हे मला माहीत होतं. मी गप्प बसलो नाही, त्यामुळे त्या ग्रुपवर आता मला फार कोणी उत्तर देत नाही.

फोनमधला पुरावा कोर्टात चालतो का, असं मला बरेच जण विचारतात, सॉफ्टवेअरवाला म्हणून. चालतो. ध्वनिमुद्रित संभाषण पुरावा म्हणून ग्राह्य आहे हे सर्वोच्च न्यायालयाने मलकानी खटल्यात, मुंबईच्या एका कॉरोनरवरच्या लाचेच्या प्रकरणात, पन्नास वर्षांपूर्वीच सांगितलं. नक्कल दिली तर सोबत प्रमाणपत्र लागतं. हा नियम पक्का झाला तो आपल्या शेजारच्या जालन्याच्या निवडणूक वादातून, अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल, २०२०. त्यात प्रश्न होता निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या व्हिडिओचा. मूळ उपकरणच हजर केलं तर प्रमाणपत्राची गरज नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये त्या प्रमाणपत्रात फाइलची हॅश व्हॅल्यूही लिहायची आहे. हॅश म्हणजे फाइलच्या बोटांचा ठसा, एक अक्षर बदललं तरी ठसा बदलतो. म्हणून स्क्रीनशॉट काढलात तरी मूळ चॅट पुसू नका, जाहिरातीची लिंक ठेवा, फोन बदललात तर जुना विकू नका, आणि दुसऱ्या माणसाचा फोन किती वाजता लागला ते त्याच्याही लॉगमध्ये असू द्या.

इतकं करून हातात येतो तो नकाराचा पक्का पुरावा. कारणाचं ओझं समोरच्यावर टाकणारी ओळ अनुसूचित जातींसाठी १९५५ पासून आहे, बाकीच्यांसाठी अजून कोणी लिहिलेली नाही. महाराष्ट्राने २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला, पण तो मुख्यतः जातपंचायतींच्या जाचाला धरून. सच्चर समितीने २००६ मध्ये समान संधी आयोग सुचवला, प्रा. माधव मेनन यांच्या गटाने २००८ मध्ये त्याचा मसुदा लिहून दिला. २०१७ मध्ये शशी थरूर यांनी लोकसभेत भेदभावविरोधी विधेयक खासगी विधेयक म्हणून मांडलं, त्यात घरमालकही होते. २०१९ मध्ये ती लोकसभा संपली आणि तिच्याबरोबर ते विधेयकही.